पान नसलेल्या पुस्तकाचा संदर्भ कसा द्यायचा?

‘तत्रैव, लोके. २३४१.’

एका पीएच.डी.च्या प्रबंधात ही तळटीप समोर आली, तेव्हा मी मुद्रितशोधनाचं काम नुकतंच सुरू केलं होतं. वरच्या अवतरणातला एक शब्द खटकत होता, म्हणून मूळ पुस्तकाशी ताडून पाहायचं ठरवलं. पुस्तक घरातच होतं, छापील. पण त्यात ‘लोके. २३४१’, म्हणजे किंडलवरचा लोकेशन क्रमांक, कुठून काढायचा? अख्खी दुपार पानं उलटण्यात गेली. शेवटी विद्यार्थिनीला फोन लावला. तिने किंडल उघडलं, त्या लोकेशनवर गेली आणि गप्पच झाली. तिथे भलताच मजकूर होता. मधल्या काळात प्रकाशकाने फाइल दुरुस्त करून पुन्हा चढवली होती आणि सगळे आकडे सरकले होते. स्वतः उतरवून घेतलेलं वाक्य तिचं तिलाच सापडेना.

तेव्हापासून दरवर्षी प्रबंध जमा करायच्या हंगामात हाच प्रश्न येतो: “ताई, ई-बुकला पान नंबरच नाहीत, काय लिहू?” त्याचं उत्तर मी फोनवर ज्या क्रमाने देते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

घाबरू नका, हे जुनंच दुखणं आहे

पृष्ठांक द्यायचा तो वाचणाऱ्याला ते वाक्य सापडावं म्हणून. ज्ञानेश्वरीचा संदर्भ कुणी ‘पृ. ७१२’ असा देत नाही. अध्याय आणि ओवी देतो. दासबोध तर या बाबतीत फारच शिस्तीचा: वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, समासात ओव्या. ‘दा. १९.१’ लिहिलं की पोथी काढा, छापील प्रत काढा नाहीतर मोबाइलवरची फाइल, लेखनक्रियानिरूपणाचाच समास उघडतो. (अक्षर कसं वळवावं, कागदाच्या कडेने मोकळी जागा कशी सोडावी, हे समर्थांनी तिथे सांगितलं आहे. प्रबंध लिहिणाऱ्याने एकदा जरूर वाचावा.) तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी प्लेटोचा संदर्भ देताना १५७८ सालच्या एका आवृत्तीचे आकडे आजही वापरतात, मग हातातलं भाषांतर कालचं का असेना.

म्हणजे मजकुराच्या अंगचे आकडे वेगळे आणि कागदाचे आकडे वेगळे. ई-पुस्तकात कागद गेला, पण प्रकरणं, उपशीर्षकं, परिच्छेद तसेच राहिले. ते वापरायचे.

पहिली पायरी: हातात नक्की काय आहे ते बघा

‘ई-बुक’ या एका शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या वस्तू ढकलतो.

पहिली पीडीएफ. हा पानाचा फोटोच समजा. अक्षर मोठं केलं तर पानच मोठं होतं, मजकूर हलत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची संकेतस्थळावरची पुस्तकं, ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं, इंटरनेट अर्काइव्हवरची जुन्या मराठी ग्रंथांची स्कॅन केलेली पानं, ही बहुतेक या जातीची. इथे पृष्ठांक आहेत आणि तेच द्यायचे.

फक्त एक खड्डा सांभाळा. वाचन-ॲपच्या पट्टीत दिसणारा आकडा फाइलीतल्या पानांचा असतो. पानावर छापलेला आकडा वेगळा. मुखपृष्ठ, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका यांमुळे दोघांत दहा-पंधराचा फरक सहज पडतो. नेहमी छापलेला आकडा घ्या. इंटरनेट अर्काइव्हच्या वाचन-खिडकीत आकड्यामागे इंग्रजी ‘एन’ दिसला, तर तो छापील पृष्ठांक नव्हे, नुसता पानाचा अनुक्रम आहे, हेही लक्षात असू द्या. मराठी पुस्तकांत प्रस्तावनेची पानं पुष्कळदा अक्षरांत मोजलेली असतात: सात, आठ, नऊ. तिथे ‘पृ. सात’ असंच लिहायचं. ‘पृ. ७’ लिहिलंत तर वाचणारा मुख्य मजकुराच्या सातव्या पानावर जाऊन थडकतो. माझ्याकडे येणाऱ्या दर दोन प्रबंधांमागे एकात ही चूक असते.

दुसरी वस्तू म्हणजे वाहता मजकूर: ईपब, किंडल वगैरे. यात पान असं नसतंच. पडदा जेवढा, अक्षर जेवढं, तेवढा मजकूर मावतो आणि उरलेला पुढे वाहतो. आपला प्रश्न या पुस्तकांचा आहे.

दुसरी पायरी: दिसणारा आकडा खरा की यंत्राचा?

वाहत्या पुस्तकातही खाली कुठेतरी ‘पान ५८’ असं दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. याची परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. पुस्तकातलं एक वाक्य डोळ्यांसमोर धरा. अक्षराचा आकार सगळ्यात मोठा करा. तेच वाक्य शोधून खालचा आकडा पुन्हा बघा. ५८ चे ९४ झाले, तर तो आकडा तुमच्या फोनचा आहे, पुस्तकाचा नाही. माझ्या फोनवर आणि माझ्या आईच्या टॅबवर एकाच कादंबरीची पानसंख्या वेगळी दिसते, कारण तिला अक्षर मोठं लागतं. असा आकडा संदर्भात कधीही लिहू नये.

अक्षर वाढवूनही आकडा हलला नाही आणि दोन-तीन पडदे सरकवले तरी तोच राहिला, तर छापील पुस्तकाचे पृष्ठांक फाइलीत बसवलेले असण्याची चांगली शक्यता आहे. किंडलवर ही सोय २०११ पासून आहे, पण प्रत्येक पुस्तकाला नाही. खात्री करायची असेल तर ॲमेझॉनवर त्या पुस्तकाच्या तपशिलात ‘पेज नंबर्स सोर्स आयएसबीएन’ अशी ओळ दिसते का ते पाहा. दिसली, तर हे आकडे कुठल्या छापील आवृत्तीवरून घेतले ते त्या आयएसबीएनवरून कळतं. ईपबमध्येही प्रकाशक छापील पानांच्या खुणा घालू शकतो. फोनवरची ॲप्स त्या नेहमी दाखवतातच असं नाही. संगणकावर थोरियमसारख्या मोफत वाचन-ॲपमध्ये फाइल उघडली, तर पानांची यादी असल्यास दिसते. असे आकडे मिळाले तर प्रश्नच मिटला, नेहमीसारखं ‘पृ.’ लिहा.

आता लोकेशनबद्दल. लोकेशन अक्षराच्या आकारावर बदलत नाही, म्हणून ते भरवशाचं वाटतं. पण ते मजकुराचं माप नाही, फाइलीचं माप आहे. जुन्या किंडल फाइलींत साधारण १२८ बाइटांचं एक लोकेशन धरलेलं असे. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, युनिकोडच्या प्रचलित मांडणीत तीन बाइट खातं. त्या मापाने एका लोकेशनात मराठीची जेमतेम चाळीसेक चिन्हं मावतील, आणि त्यातही फाइलीतले छुपे संकेत जागा अडवणार. असलं माप परीक्षकाला काय कामाचं? त्याच्याकडे किंडल नसेल तर ते शून्य, आणि असलं तरी फाइल बदलली की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

तिसरी पायरी: मजकुरातून पत्ता काढा

गावाकडे घराला नंबर नसतो तेव्हा आपण काय सांगतो? मारुतीच्या देवळावरून आत या, पिठाच्या गिरणीसमोर, निळा दरवाजा. मोठ्या खुणेकडून लहान खुणेकडे. इथेही तेच: आधी प्रकरण, मग उपशीर्षक असेल तर ते, मग त्यातला कितवा परिच्छेद.

एक उदाहरण जवळून बघू. जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ चं. प्रताधिकाराची मुदत केव्हाच संपल्यामुळे ते वेगवेगळ्या ई-आवृत्त्यांत वाचायला मिळतं, आणि छापील आवृत्त्याही कितीतरी. कुणाच्या पानाचा कुणाच्या पानाशी मेळ नाही. पण पुस्तकाचे सोळा भाग आहेत आणि ते सगळीकडे सोळाच आहेत. बळीराजाची हकीकत सहाव्या भागात येते, मग तुम्ही ती कशावरही वाचा. तेव्हा पत्त्याची पहिली ओळ तयार: भाग ६. आता अवतरण त्या भागात नेमकं कुठे आहे? परिच्छेद मोजा.

मोजण्याचे साधे नियम मी पाळते ते असे. प्रकरणाचं शीर्षक मोजायचं नाही. प्रकरणाच्या डोक्यावर सुभाषित किंवा ओव्या असतील तर त्याही नाहीत. उपशीर्षक असेल तर मोजणी तिथून पुन्हा एकपासून सुरू करायची, कारण ‘परि. ४७’ मोजायला कुणी बसत नाही. दहाच्या वर आकडा गेला की मी जवळचं उपशीर्षक शोधते. आणि मोजताना बोट ठेवून मोजते, नजरेने नाही; फोनच्या लहान पडद्यावर एक परिच्छेद तीन पडदे व्यापतो आणि नजर हमखास फसते.

काही मजकुरांत हे काम कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. डॉ. आंबेडकरांच्या १९३६ सालच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ची कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची प्रत पाहा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी तयार केलेल्या त्या प्रतीत विभागांना क्रमांक आहेत आणि विभागातल्या परिच्छेदांनाही. असे छापलेले आकडे मिळाले तर ते बिनदिक्कत वापरा. मात्र ते त्या प्रतीचे आहेत, हे सूचीत कळलं पाहिजे. दुसऱ्या प्रतीत परिच्छेद वेगळे पाडलेले असू शकतात.

‘प्र.’ या संक्षेपाबद्दल जाता जाता. मराठीत ‘प्र.’ म्हणजे प्रकरणही, प्रकाशनही, प्रथमही (‘प्र. आ.’ आठवा). मी विद्यार्थ्यांना ‘प्रक.’ आणि ‘परि.’ लिहायला सांगते आणि प्रबंधाच्या सुरुवातीच्या संक्षेपसूचीत दोन्ही नोंदवायला लावते. ‘तत्रैव’ (लगेच वर दिलेलाच ग्रंथ) आणि ‘उनि’ (आधी कुठेतरी दिलेला ग्रंथ) नेहमीसारखेच चालतात, पुढे ‘पृ. ४५’ च्या जागी ‘प्रक. ६, परि. ३’ येतं इतकंच.

चौथी पायरी: तुमची शैली काय म्हणते?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण संदर्भ देण्याच्या तीन मोठ्या शैली एकाच प्रश्नाला तीन उत्तरं देतात. मार्गदर्शकांना आधी विचारा की आपल्या विभागात कुठली चालते. ‘कुठलीही चालेल, पण एकच ठेवा’ असं उत्तर आलं तर सुदैव समजा आणि एक निवडून टाका.

एपीए, म्हणजे समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्रवाल्यांची. सध्या चालू आहे ती सातवी आवृत्ती, २०१९ मध्ये आलेली. तिचं म्हणणं स्पष्ट आहे: किंडल लोकेशन देऊ नका. थेट अवतरण असेल तर प्रकरण, उपशीर्षक, परिच्छेद यांतलं जे उपयोगी पडेल ते द्या, एकत्रही द्या. परिच्छेदांना क्रमांक छापलेले नसतील तर स्वतः मोजा. उपशीर्षक लांबलचक असेल तर त्याचे पहिले दोन-तीन शब्द अवतरणचिन्हांत पुरतात. समजा तुमच्या हातातली ‘गुलामगिरी’ची ई-आवृत्ती २०१५ ची आहे, तर मजकुरात असं येईल:

(फुले, १८७३/२०१५, भाग ६, परि. ३)

आधी मूळ वर्ष, तिरकी रेघ, मग तुम्ही वाचलेल्या आवृत्तीचं वर्ष. नुसतं ‘फुले, २०१५’ लिहिलं तर जोतीराव आपले समकालीन होतात. आपल्या शब्दांत सारांश दिला असेल तर एपीए परिच्छेदापर्यंत जाण्याची सक्ती करत नाही, पण लांबलचक ग्रंथ असेल तर प्रकरण तरी द्यावं असं माझं मत.

एमएलए, म्हणजे भाषा-साहित्यवाल्यांची. नववी आवृत्ती २०२१ ची. तीही यंत्राचे आकडे नाकारते. पण परिच्छेदाबाबत तिचा सूर एपीएच्या बरोबर उलटा आहे: परिच्छेदांना क्रमांक छापलेले असतील तरच द्या, स्वतः मोजत बसू नका. प्रकरण क्रमांक द्या, तोही नसेल तर नुसतं लेखकाचं नाव पुरे.

(फुले, भाग ६)

आडनावानंतरचा स्वल्पविराम विसरू नका; पृष्ठांक असता तर तो नसता, पण ‘भाग’, ‘प्रक.’ असा शब्द आला की तो लागतो. मराठी विभागातले विद्यार्थी ‘इतकं मोघम चालेल?’ असं विचारतात. नियमाने चालतं. तरी वीस पानांच्या प्रकरणातलं एक वाक्य कुणी शोधावं, असं वाटत असेल तर आपल्या वाक्यातच खूण पेरा: ‘सहाव्या भागाच्या सुरुवातीलाच धोंडीबा विचारतो की…’. यात कुठला नियम मोडत नाही आणि वाचणारा थेट जागेवर पोचतो. मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात आवडते.

शिकागो, इतिहासवाल्यांची, तळटिपांची. अठरावी आवृत्ती २०२४ मध्ये आली, पण आपल्याकडे बऱ्याच विभागांत अजून २०१७ ची सतरावीच चालते. तिथेही पसंती प्रकरण, उपशीर्षक यांनाच. लोकेशन द्यायचीच वेळ आली तर एकूण किती लोकेशनांपैकी ते सांगा, असं सतराव्या आवृत्तीचं म्हणणं: ‘लोके. ४४४, एकूण ३०२३ पैकी’ अशा धर्तीवर. त्यामुळे निदान पुस्तकाच्या पहिल्या सहाव्या-सातव्या हिश्शात ते आहे, एवढं तरी कळतं. नोंदीच्या शेवटी ‘किंडल’ किंवा ‘ईपब’ असा प्रकार लिहायचा. अठराव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ देण्याची सक्ती काढून टाकली आहे, तेव्हा ‘पुणे:’ नाही म्हणून कुणी टोकलं तर आवृत्ती दाखवा.

हार्वर्ड नावाची एकच एक पुस्तिका अस्तित्वात नाही. प्रत्येक विद्यापीठाचं हार्वर्ड वेगळं. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांना कधीकधी ‘६७%’ असा टक्क्यांतला संदर्भसुद्धा चालतो असं सांगितलं जातं. त्यांच्या विद्यापीठाने सांगितलं असेल तर खुशाल द्यावा. मी आपणहून कुणाला सुचवत नाही.

सूचीतली नोंद

इथे फार डोकं लावायचं कारण नाही. लेखक, वर्ष, शीर्षक, प्रकाशक, आणि मोफत उघडणारं पुस्तक असेल तर दुवा. एपीएच्या सहाव्या आवृत्तीत ‘किंडल आवृत्ती’ असं कंसात लिहावं लागे, सातवीत मजकूर तोच असेल तर गरज नाही. एमएलएत प्रकाशकाच्या आधी ‘ई-पुस्तक आवृत्ती’ असं लिहायचं. जुन्या ग्रंथाला एपीएत शेवटी ‘मूळ प्रकाशन १८७३’ ही ओळ जोडायची.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. वाचलंत ते पुस्तक सूचीत लिहा. फोनवर ई-बुक वाचायचं आणि भारदस्त दिसावं म्हणून सूचीत छापील आवृत्ती टाकायची, ही चलाखी अवतरणातल्या एका वेलांटीवरून उघडी पडते, कारण दोन आवृत्त्यांचं शुद्धलेखन क्वचितच सारखं असतं. छापील पृष्ठांक हवाच असेल तर ग्रंथालयात जा, प्रत काढा, वाक्य शोधा, शब्द न् शब्द ताडा आणि मग छापील आवृत्तीचाच संदर्भ द्या. पाच-दहा महत्त्वाची अवतरणं असतील तर हा मार्ग उत्तम. दोनशे असतील तर विसरा.

याउलट टोकाची चूक म्हणजे पान नाही म्हणून संदर्भच गाळणं. ‘नंबर नव्हता, मग मी कंस काढूनच टाकला’ असं मला खरंच एकाने सांगितलं आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य दहा टक्क्यांच्या वर गेलं की कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्या मोजणीतून वगळण्याची तरतूद आहे, पण ती श्रेय दिलं असेल तरच. अपुरा पत्ता ही फार तर मुद्रितशोधकाची डोकेदुखी. पत्ताच नसणं म्हणजे उसनवारी लपवणं.

वाचतानाच करून ठेवायचं काम

वर सांगितलेलं सगळं प्रबंध जमा करायच्या आदल्या आठवड्यात करायला बसलात तर रडकुंडीला याल. वाचतानाच टिपण काढताना वाक्याखाली चार गोष्टी लिहा: प्रकरण, उपशीर्षक, परिच्छेद आणि त्या परिच्छेदाचे पहिले चार शब्द. शेवटची गोष्ट संदर्भात जात नाही, ती तुमच्यासाठी. फाइल बदलली, फोन बदलला, तरी ‘शोधा’मध्ये ते चार शब्द टाकले की जागा सापडते. त्या विद्यार्थिनीचं २३४१ आम्ही शेवटी असंच शोधलं. तिला परिच्छेदाची सुरुवात अंधुक आठवत होती म्हणून निभावलं.

संगणकावरच्या किंडलमधून मजकूर कॉपी केला की खाली लेखक, पुस्तक, लोकेशन, ‘किंडल एडिशन’ अशी शेपूट आपोआप चिकटून येते. तो संदर्भ कुठल्याच शैलीत बसत नाही. तो टिपणात राहू द्या, प्रबंधात नको.

मराठी पीडीएफमधून कॉपी करत असाल तर दोन सापळे आहेत. युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये जुळवलेलं पुस्तक असेल तर चिकटवल्यावर अगम्य चिन्हांचा कचरा येतो; तिथे हाताने टंकण्यावाचून गत्यंतर नाही. आणि स्कॅनवरून यंत्राने ओळखलेला मजकूर असेल तर तो दिसतो व्यवस्थित, पण ‘ख’ चा ‘रव’ झालेला असतो, अनुस्वार उडालेले असतात. पानाच्या चित्राशी ताडल्याशिवाय असं अवतरण वापरू नका, नाहीतर लेखकाच्या माथी ‘रवरा’ धर्म माराल.

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर संदर्भ घालताना आकड्याच्या खिडकीशेजारी ‘पेज’ असा पर्याय निवडलेला असतो. त्यावर टिचकी मारली की चॅप्टर, पॅराग्राफ, सेक्शन, व्हर्स अशी यादी उघडते. बहुतेकांना ही यादी आहे हेच माहीत नसतं, आणि मग ‘पृ. प्रकरण ६’ असले संकर जन्माला येतात. मराठी प्रबंधात झोटेरो प्रकरणासाठी इंग्रजी संक्षेप टाकत असेल, तर सगळ्यात शेवटी, संदर्भांचा दुवा तोडून झाल्यावर, ‘शोधा आणि बदला’ने ते एकदम बदला. आधी बदललेत तर झोटेरोने पुढच्या वेळी संदर्भ अद्ययावत केले की सगळं पुन्हा इंग्रजी.

काही वेगळी गिऱ्हाइकं

कोशातली नोंद असेल तर पानाची गरजच नाही, नोंदीचं शीर्षक हाच पत्ता. मराठी विश्वकोशाच्या ऑनलाइन नोंदींखाली नोंद लिहिणाऱ्याचं नाव असतं. पुष्कळजण ते न बघता थेट ‘विश्वकोश’ असं लिहून मोकळे होतात. लिहिणाऱ्याला श्रेय द्या. झोटेरोच्या यादीत यासाठी ‘सब व्हर्बो’ (‘या शब्दाखाली’) नावाचा पर्याय आहे.

संतसाहित्याला अध्याय-ओवी किंवा अभंग क्रमांक, पण कुठल्या प्रतीवरून ते नोंदवूनच. पसायदान ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी येतं हे सगळ्यांना ठाऊक; त्याच्या पहिल्या ओवीचा क्रमांक मात्र प्रतीगणिक एखाद-दुसऱ्याने सरकतो. तुकोबांच्या गाथेत तर एका गाथेचा अभंग क्रमांक दुसऱ्या गाथेत नेला की पूर्ण वेगळाच अभंग हाती लागतो. तेव्हा ‘तुकाराम गाथा, अभंग अमुक’ एवढ्याने भागत नाही; शासकीय गाथा, देहूची गाथा, जी असेल ती सांगा.

कवितासंग्रहात कवितेचं शीर्षक, नाटकात अंक आणि प्रवेश. पत्रसंग्रहात पत्राची तारीख. ऑडिओबुक ऐकून लिहिणारेही आता भेटतात. तिथे अवतरण सुरू होतं ती वेळ तास-मिनिट-सेकंदांत द्यायची आणि सूचीत ऑडिओबुक असल्याचा आणि वाचणाऱ्या कलाकाराचा उल्लेख करायचा. ऐकून लिहिलेल्या अवतरणात विरामचिन्हं तुमची असतात, लेखकाची नव्हेत, म्हणून थेट अवतरणासाठी ऑडिओवर विसंबू नये असं मी सांगते.

जमा करण्याआधीची चाचणी

सगळं झाल्यावर आधी प्रबंधात ‘लोके’ आणि ‘%’ शोधा; राहून गेलेले आकडे तिथेच सापडतील. मग तुमचे पाच संदर्भ कुठलेही निवडा आणि वसतिगृहातल्या अशा कुणाच्या तरी हातात द्या जिच्याकडे तेच पुस्तक दुसऱ्या आवृत्तीत आहे. वाक्य शोधायला सांगा आणि घड्याळ लावा. दोन मिनिटांत सापडलं तर पत्ता चांगला.

गेल्या वर्षी मी एका मुलीला ही चाचणी माझ्यासमोरच करायला लावली. ‘गुलामगिरी, भाग ६, परि. ३’ असा तिचा संदर्भ होता. मैत्रीण छापील प्रत घेऊन बसली आणि पाच मिनिटांनी म्हणाली, “तिसऱ्यात नाहीये. मला सहाव्यात सापडलं.” दोघी बरोबर होत्या. पुस्तक जोतीराव आणि धोंडीबा यांच्या प्रश्नोत्तरांचं. एकीने प्रश्न आणि त्याचं उत्तर मिळून एक परिच्छेद धरला होता, दुसरीने प्रश्न वेगळा मोजला होता आणि उत्तर वेगळं. आम्ही कंसातली ‘परि. ३’ काढली आणि तिथे ‘धोंडीबाच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर’ असं लिहिलं.